लोकलची खबर देताना या चुका टाळा

कोपरखैरणे ते ठाणे हा माझा रोजचा प्रवास, आणि आमच्या प्रवाशांच्या व्हॉट्सॲप गटाचा मी ॲडमिन. गाडी रखडली की आतल्या माणसाला आधी कळतं, इंडिकेटरला नंतर, म्हणून हा गट काढला. नवीन माणसं आली की त्याच चुका पुन्हा सुरू होतात. सांगून सांगून घसा बसला, आता लिहूनच ठेवतो.

सगळ्यात आधी ‘हार्बर बंद’. हे दोन शब्द दिसले की माझं डोकं सणकतं. ठाण्याहून ऐरोली, घणसोली, तुर्भे करत येते ती ट्रान्सहार्बर. सीएसएमटीहून मानखुर्द, वाशी करत पनवेलकडे येते ती हार्बर. तुर्भ्यानंतर ट्रान्सहार्बरला फाटा फुटतो: काही गाड्या सानपाडा-वाशीला जातात, काही जुईनगर-नेरूळमार्गे पनवेलला. त्यामुळे रबाळ्याला सिग्नल बिघडला तर वाशी-सीएसएमटी गाड्यांना त्याचं काही नाही. बेलापूरला वायर तुटली तर मात्र पनवेलला जाणाऱ्या दोन्हीकडच्या गाड्या लटकतात, आणि तरी ठाणे-वाशी चालू असू शकते.

एका पावसाळी सकाळी घणसोलीजवळ थांबलेल्या गाडीतून एकाने टाकलं, ‘हार्बर ठप्प.’ तो स्वतः ठाणे-पनवेल गाडीत होता. दहा मिनिटांत तोच मेसेज पाच जणांनी पुढे ढकलला आणि पाच ठिकाणांहून आल्यामुळे तो खरा वाटायला लागला. वाशीची एक मुलगी सीएसएमटीकडे इंटरव्ह्यूला निघाली होती. तिने स्टेशनवर न जाता टॅक्सी केली. टॅक्सी खाडीपुलावर अडकली आणि बाजूच्या रेल्वेपुलावरून लोकल मागून लोकल जाताना तिला दिसत होत्या. संध्याकाळी तिने गटावर एकच ओळ लिहिली: ‘धन्यवाद, मंडळी.’ मला दोन दिवस कसंतरी होत होतं.

तेव्हापासून मी ‘अप’, ‘डाऊन’सुद्धा लिहू देत नाही. हे शब्द रेल्वेवाल्यांना शोभतात. आपल्यातले निम्मे लोक ते उलटे वापरतात. ‘ठाण्याहून पनवेलकडे, घणसोलीच्या अलीकडे उभी’ असं लिहायचं. स्वतः पाहिलं असेल तर ‘मी गाडीत आहे’ हेही जोडायचं. ऐकीव असेल तर गप्प बसायचं.

दुसरी खोड म्हणजे वेळ न लिहिणं. ‘मेसेजवर वेळ येतेच की’, असं एका हुशार पोराने मला ऐकवलं. येते, पण वाचणाऱ्याच्या फोनवर मेसेज पोचतो कधी? ठाणे स्टेशनवर गर्दीच्या वेळी नेटवर्क असं काही बसतं की सव्वाआठला लिहिलेला मेसेज घड्याळाच्या चिन्हासकट खिशातच राहतो आणि पावणेनऊला सुटतो. तोवर गाडी ऐरोलीला पोचलेली असते. म्हणून वेळ मेसेजच्या सुरुवातीलाच टाइप करा: ‘८:१५, कळवा, ठाण्याकडे येणारी स्लो उभी.’ पाच सेकंद लागतात. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी खबर देण्याच्या फंदात पडू नये.

कळव्यावरून आठवलं. कल्याणकडून ठाण्याला येताना लागणाऱ्या दिवा, मुंब्रा, कळवा अशा तीन ठिकाणांहून ‘गाडी थांबली’ आलं, की लोक तीन बिघाड धरतात. बहुतेक वेळा बिघाड एकच असतो. पुढची गाडी अडली की मागच्या गाड्या एकेका लाल सिग्नलवर उभ्या राहतात. सगळ्यात पुढे कोण उभं आहे ते विचारा, गडबड त्याच्याच गाडीत किंवा त्याच्याही पुढे असते.

बाकीच्या चुकांवर जास्त शब्द खर्च करत नाही. कारण माहीत नसेल तर लिहू नका. दिवे गेले म्हणजे वायर तुटली असं नसतं. व्हॉइस मेसेज नको, डब्यात कोण ऐकणार? गर्दीचे फोटो नकोत, गर्दी आम्हाला माहीत आहे. रविवारचा मेगाब्लॉक रेल्वे आधीच जाहीर करते, तेव्हा मागच्या वर्षीचं पोस्टर तारीख न बघता पाठवू नका. कोणी चक्कर येऊन पडलं तर आधी रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन, गट नंतर. आणि ‘उतरून रुळांवरून चालत या’ असा सल्ला देणाऱ्याला मी त्याच मिनिटाला काढतो, कितीही जुना असो.

गाडी सुरू झाल्याचं मात्र कोणी कळवत नाही. थांबली तेव्हा चाळीस मेसेज आणि हलली की सगळे मोबाईल खिशात! मग घरी बसलेला माणूस तासाभरानेही रिक्षाच शोधत असतो. ऐरोलीच्या एक काकू तेवढ्या न चुकता लिहितात: ‘८:५२, रबाळे, हलली.’ सकाळी गुलाबाचे फोटोही त्याच टाकतात. नियमाने त्यांना काढायला हवं, पण मी काढणार नाही.