कानात काडी घालण्यापूर्वी या चुका टाळा

खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत कान खाजू लागला, की काडेपेटीतली काडी किंवा केसांचा आकडा हाताशी घेतला जातो. नेमकी तीच पहिली चूक आहे. प्रौढ माणसाची कर्णनलिका साधारण 2.5 सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा सुमारे एक-तृतीयांश भाग कूर्चेचा (म्हणजे लवचीक, मऊ हाडासारखा) आणि उरलेला हाडाचा असून मळ तयार करणाऱ्या ग्रंथी केवळ कूर्चेच्या भागात असतात. नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत राहते आणि मळही तिच्याबरोबर कानाच्या तोंडाशी येतो. त्यामुळे पडद्यालगत मळाची गुठळी आढळली, तर बहुधा ती काडीने आत ढकललेली असते. किंचित आम्लधर्मी असलेला हा मळ बुरशीला रोखतो. तो खरवडून काढला, की ओलसर त्वचेवर बुरशी धरते आणि खाज आणखी वाढते.

लसणाचे गरम तेल घालण्याची सवयही सोडलेली बरी, कारण पडद्याला छिद्र असल्यास ते थेट मध्यकर्णात उतरते. मुलाने कानात हरभरा किंवा मटकी घातली असेल, तर पाणी मुळीच घालू नये; दाणा फुगून घट्ट बसतो. घड्याळातला बटणसेल असेल, तर कोणतेही थेंब न घालता तातडीने दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालताना मोठ्यांच्या कानाची पाळी वर व मागे, लहान बाळाची मात्र खाली व मागे ओढावी, म्हणजे वाकडी नलिका सरळ होते.

घरच्या कुत्र्याला माणसाचा हिशेब लावणे ही आणखी एक चूक. त्याची नलिका आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, म्हणून आत गेलेले पाणी सहजी बाहेर येत नाही. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत हवाही कमी खेळते. आंघोळीनंतर पाळी उलटून दिसेल तेवढाच भाग मऊ कापडाने टिपावा. डोके सतत झटकणे, एका बाजूला मान कलणे किंवा आंबूस वास येणे ही पशुवैद्याकडे नेण्याची लक्षणे होत.

बेंदराला बैल धुताना कानात पाण्याची धार सोडू नये. जनावराच्या कानाला ओळखीचा बिल्ला मारतानाही घाई होते: तो पाळीच्या मधल्या भागात, कूर्चेच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये, ठळक शिरा चुकवून बसवावा. कडेला बसवलेला बिल्ला दाव्यात किंवा कुंपणात अडकला, की पाळी फाटते.