काथ्या-सिसलचं कार्पेट फरशीवरून सुटतंय? या चुका टाळा

कोपरा उचलला गेला की बहुतेक जण सरळ नवा गम लावून मोकळे होतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आधी सुटलेला भाग हलकेच उलटा आणि जुना गम कुठे राहिलाय ते नीट बघा. कारण तिथेच सापडतं.

गमच्या रेघा फरशीवर जशाच्या तशा उभ्या आहेत आणि कार्पेटची पाठ कोरी आहे? म्हणजे गमवर साय धरल्यानंतर कार्पेट टाकलं गेलं, किंवा वरून रोलर नीट फिरवला नाही. उलट, गम सगळा पाठीला लागून आलाय आणि त्यावर सिमेंटची पूड दिसतेय, तर फरशी साफच केली नव्हती. आणि गम मऊ, लिबलिबीत, वास मारणारा असेल तर खालून ओल येतेय. ओलीबरोबर काँक्रीटमधले क्षार वर येतात आणि गमची पकडच घालवतात. मग कितीही भारी गम आणा, तो टिकत नाही.

ओलीची शंका असेल तर अर्धा मीटर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने फरशीवर चिकटवा आणि दिवसभर ठेवा. खाली थेंब जमले किंवा फरशी काळपट झाली तर काम थांबवा. थेंब नाहीत म्हणून फरशी कोरडीच, असं मात्र धरून चालू नका. कोबा नवा असेल तर हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचं यंत्र) लावूनच खात्री करा.

दुसरी चूक घाईची. रोल आला की लगेच चिकटवला! ताग, काथ्या, सिसल हे धागे हवेतला दमटपणा शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. म्हणून कार्पेट त्याच खोलीत 24 ते 48 तास पसरून ठेवायलाच हवं. पाण्यावर आधारित गम जाड थापला तरी हेच होतं: पाणी धाग्यात मुरतं, वाळताना कार्पेट आकसतं, जोड उघडे पडतात. तागावर तपकिरी डागही उठतात. गम दातेरी पत्र्यानेच पसरा, कापलेल्या कडा लेटेक्सने (रबरी चिकाने) बंद करा. उघडा पडलेला जोड ओढून जुळवायला जाऊ नका, हे धागे फारसे ताणले जात नाहीत.

मध्येच फुगा आला असेल तर सिरिंजने थोडा गम आत सोडा, दाबा आणि दिवसभर सपाट वजन ठेवा.

गम वर सांडला तर ओल्या फडक्याने अजिबात घासू नका. बोथट पात्याने जमेल तेवढा उचला. सॉल्व्हंट (गम विरघळवणारा द्रव) आधी उरलेल्या तुकड्यावर वापरून बघा, कारण तो पाठीचं लेटेक्सही विरघळवू शकतो.

जुनं कार्पेट काढल्यावर खाली डांबरासारखा काळा गम दिसला, तर तो खरवडू किंवा घासू नका. जुन्या काळ्या गममध्ये श्वासातून आत गेल्यास घातक ठरणारं अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी नमुना तपासून घ्या.