पहिल्या नाईटला येणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी

जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, तीन वर्षं झाली, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं आणि नोकरीच्या आठव्याच दिवशी नाईट लागली. मेडिसिन वॉर्ड, 38 पेशंट, आम्ही दोघी स्टाफ आणि एक मावशी. जनरल वॉर्डात सहा खाटांमागे एक नर्स, आयसीयूत एकास एक, हे प्रमाण मी घोकलं होतं. परीक्षेत कामाला आलं.

त्या रात्री इन्सुलिनमध्ये चुकता चुकता वाचले. आपल्याकडच्या व्हायल बहुतेक 40 च्या, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. त्यांना लाल टोपणाची सिरिंज. 100 च्या औषधाला नारिंगी. लाल संपल्या होत्या म्हणून मी नारिंगी उचलली आणि 20 च्या खुणेपर्यंत भरली. पेशंटला 20 ऐवजी गेले असते आठच युनिट. जोडीच्या सिस्टरनं हात धरला, "अगं, टोपण बघ आधी." उलटं झालं असतं, 100 चं औषध लाल सिरिंजमध्ये, तर 20 च्या जागी 50 गेले असते आणि पहाटे शुगर उतरून पेशंट घामानं निथळला असता. आता इन्सुलिन दोघींनी बघितल्याशिवाय मी देत नाही. वॉर्ड भरलेला असेल तर मुळीच नाही.

वॉर्डात सिरिंज पंप, म्हणजे ठरल्या वेगानं औषध सोडणारी यंत्रं, आले तेव्हा कंपनीचा माणूस सकाळी वीस मिनिटं दाखवून गेला. नाईटवाल्या तेव्हा घरी झोपलेल्या. रात्री 'ऑक्लूजन'चा, म्हणजे औषधाची वाट अडल्याचा, अलार्म वाजला की आम्ही आवाज बंद करायचो! नळी मुडपलीय किंवा थ्री-वे (नळीवरची छोटी तोटी) बंद राहिलाय, एवढंच तो सांगत असतो, हे महिन्यानं कळलं. तुम्ही इन्चार्ज सिस्टरांकडे आपल्या शिफ्टला डेमो मागा, आणि बटणं स्वतः दाबून बघा. अलार्म झाला तर पेशंटच्या हातापासून पंपापर्यंत नळी बोटानं चाचपत या.

पंप रिकामा नसतो तेव्हा सलाईनचे थेंब मोजायचे. 500 मिली आठ तासांत, मिलीला 20 थेंब पाडणारा सेट, तर मिनिटाला साधारण 21. सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या. कॉम्प्युटरवरच्या नोंदींचं फार बोलत नाही. कॉम्प्युटर आला, रजिस्टर काही गेलं नाही.

स्टाफ कमी असेल तर ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, घेतानाच नाईट सुपरवायझरांना फोन करा आणि रिपोर्ट बुकात लिहा: वेळ, पेशंट किती, स्टाफ किती, ऑक्सिजनवर किती. रडगाणं नको, आकडे. आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी तीन महिन्यांची रिपोर्ट बुकं मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांच्या, टेबलावर नेऊन ठेवली, तेव्हा नाईटला तिसरी सिस्टर मिळाली. तिची रजा असली की पुन्हा आम्ही दोघीच.