कडुनिंबाच्या पाल्यातून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण: करायचे कसे आणि रंग खरंच गेला का, हे तपासायचं कसं

कडुनिंबाच्या पाल्याने नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, बनवायचे आणि त्यांनी पाण्यातला रंग घालवायचा, हा प्रकल्प बीएस्सी-एमएस्सीला अनेक जण घेतात. कण बनवण्याबद्दल सल्ल्यांना तोटा नाही. रंग मोजण्याबद्दल मात्र कुणी धड सांगत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून पहिला भाग झटपट उरकते.

२० ग्रॅम ताजा पाला चिरून २०० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये ६०-७० अंश सेल्सिअसला २० मिनिटं ठेवा, गाळा, अर्क त्याच दिवशी वापरा. २.२ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १०० मिलि पाण्यात विरघळवून ६० अंशांवर ढवळत २५ मिलि अर्क थेंबथेंब सोडा. मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १० वर आणा. इथे चष्मा आणि हातमोजे हवेतच. हात सैल सुटून सोडियम हायड्रॉक्साइड फार जास्त पडलं, तर बसलेला साका (तळाशी जमलेला गाळ) पुन्हा विरघळू लागतो. दोन तास ढवळा. धुवणाचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत साका धुवा, ८० अंशांवर वाळवा आणि प्रयोगशाळेच्या मफल फर्नेसमध्ये ४०० अंशांवर दोन तास ठेवा. भट्टीतून काढताना पावडर पिवळसर दिसली तर घाबरू नका; तापलेलं झिंक ऑक्साइड पिवळंच असतं, निवल्यावर पांढरं होतं.

आता वजन करा. एवढ्या झिंक ॲसिटेटपासून जास्तीत जास्त ०.८२ ग्रॅम झिंक ऑक्साइड मिळू शकतं. त्याहून जास्त भरलं, तर धुणं किंवा भाजणं अपुरं राहिलं आहे. शिवाय अर्क न घालता, त्याच्या जागी २५ मिलि पाणी घालून एक घाणा कराच. नुसत्या सोडियम हायड्रॉक्साइडनेही झिंक ऑक्साइड तयार होतं, त्यामुळे ही तुलना नसेल तर श्रेय कडुनिंबाला देता येत नाही. आणि ‘पाल्याचे औषधी गुण पाण्यात उतरतात’ असलं काही लिहू नका. पाल्यातली बहुतेक सेंद्रिय द्रव्यं भट्टीत जळून जातात.

आता मोजणी. मी इथे अख्खं एक सत्र घालवलं. मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या द्रावणात पावडर घालून उन्हात ठेवायची, दर पंधरा मिनिटांनी थोडं द्रावण फिल्टर पेपरने गाळायचं आणि कलरीमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावायचं, असा माझा क्रम होता. आकडे फार सुंदर येत होते. एके दिवशी गाळलेले कागद वाळवायला ओळीने मांडले, तेव्हा दिसलं की सगळे निळे झाले आहेत. मेथिलीन ब्ल्यू सेल्युलोजला चिकटतो. मी कागदाने शोषलेला रंग कणांच्या नावावर मांडत होते. सगळी वही बाद झाली.

म्हणून नमुना कागदाने गाळू नका, सेंट्रीफ्यूजच करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून कण तळाशी बसवा. वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत फिरवा. त्यात कण तरंगत राहिले तर ते प्रकाश विखुरतात आणि प्रकाश-शोषणाचा आकडा खोटाच वाढतो.

दुसरं, एक फ्लास्क कधीच पुरत नाही. लिटरला १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्ल्यू असलेलं द्रावण तीन फ्लास्कमध्ये प्रत्येकी १०० मिलि घ्या. पहिल्यात नुसता रंग, उन्हात. दुसऱ्यात ५० मिलिग्रॅम पावडर, पण फ्लास्क फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेला. तिसऱ्यात तेवढीच पावडर, उन्हात. मेथिलीन ब्ल्यू नुसत्या उन्हानेही फिका पडतो, ते पहिला फ्लास्क सांगतो. कणांच्या पृष्ठभागावर किती रंग नुसता चिकटला, ते दुसरा सांगतो. तिसऱ्यातली घट या दोघांपेक्षा स्पष्ट जास्त असेल, तरच प्रकाशामुळे कणांनी रंग तोडला म्हणा.

पावडर घातलेले दोन्ही फ्लास्क उन्हात नेण्याआधी ३० मिनिटं अंधारात ढवळा आणि त्यानंतरचं ६६४ नॅनोमीटरचं शोषण हा तिसऱ्या फ्लास्कचा आरंभ धरा. हे टाळणाऱ्यांचे आकडे मी मानत नाही. ऊन सकाळी अकरा ते दोनचं घ्या, तिन्ही फ्लास्क एकाच वेळी, एकाच गच्चीवर. झिंक ऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि ते उन्हात थोडेच असतात. ढग आले तर तो दिवस सोडून द्या.

आम्लधर्मी पाण्यात हे कण वापरू नका. झिंक ऑक्साइड विरघळतं आणि रंगाऐवजी पाण्यात जस्त येतं. मेथिलीन ब्ल्यूवर आलेला आकडा इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या सांडपाण्यालाही लावू नका. सुती कापडाच्या रंगाईत रिॲक्टिव्ह रंग वापरतात. त्यांचा विद्युतभार ऋण असतो, मेथिलीन ब्ल्यूचा धन, आणि त्या पाण्यात मीठही भरपूर असतं. तसा दावा करायचा असेल तर त्याच पाण्यावर, तेच तीन फ्लास्क मांडून प्रयोग करा.

वापरलेली पावडर बेसिनमध्ये ओतू नका. जलचरांना ती घातक आहे. खाली बसू द्या आणि लेबल लावलेल्या बाटलीत प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.