शॉकअप गेला हे ओळखायचे कसे, आणि मागची जोडी घरी बदलायची कशी

गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात, त्या शॉक ॲब्सॉर्बरविषयीचा पहिला गैरसमज त्याच्या नावातच दडलेला आहे. खड्ड्याचा धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम त्यानंतर सुरू होते. दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते, आणि तिला आवरणारे कोणी नसेल तर एका गतिरोधकावरून गेलेली गाडी पुढे बराच वेळ होडीसारखी डोलत राहते. हे डोलणे पहिल्या दीड हेलकाव्यातच संपवणे एवढेच शॉकअपचे काम. इंग्लंडात या भागाला ‘डॅम्पर’ म्हणतात, ते नाव अधिक नेमके आहे.

आतली रचना साधी आहे. तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या वरखाली होतो आणि त्या दट्ट्यातील बारीक छिद्रांतून व झडपांतून तेलाला वाट काढावी लागते. ही वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असल्यामुळे हालचालीतली ऊर्जा तेल तापण्यात खर्च होते. साधारणपणे झडपांची मांडणी अशी असते की चाक वर जाताना विरोध कमी आणि स्प्रिंग परत सुटताना विरोध जास्त मिळावा. म्हणजे उंचवटा आला तर चाक चटकन वर जाते, पण साठलेली उसळी मात्र गाडीच्या अंगावर एकदम येत नाही. पुष्कळ शॉकअपमध्ये तेलासोबत दाबाखालचा नायट्रोजन वायूही असतो. सतत घुसळले गेलेले तेल फेसाळू नये, हा त्याचा हेतू. कारण फेस झडपेतून सहज निसटतो आणि विरोध नाहीसा होतो. लांबच लांब खराब रस्त्याच्या अखेरीस गाडी अचानक ‘सैल’ वाटू लागते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

शॉकअप मोडत नाही, झिजतो. तेल अडवणारे सील कडक होते, झडपांच्या पातळ चकत्या थकतात, वायूचा दाब उतरतो, आणि हे सगळे हजारो किलोमीटरमध्ये इतके हळू घडते की चालकाचा हात त्या बिघाडाशी आपोआप जुळवून घेतो. म्हणूनच रोज गाडी चालवणाऱ्याला जे कळत नाही, ते वर्षातून एकदा मागच्या सीटवर बसणाऱ्या पाहुण्याला पहिल्याच वळणावर कळते. ८०,००० किलोमीटरच्या आसपास शॉकअप तपासून घ्यावेत असा एक ढोबळ आडाखा सांगितला जातो. परंतु पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते पाहता हा आकडा पत्करून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

माझ्या छोट्या हॅचबॅकबाबत मला ही गोष्ट उशिरा आणि पैसे मोजून कळली. मागच्या बाजूने ताशी साठच्या वेगाला घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा एका दुकानदाराने दोन्ही टायर बदलायला लावले. वर्षभराच्या आत तोच आवाज परत आला. या वेळी मी चाकाशी बसून टायरच्या माथ्यावरून तळहात सावकाश फिरवला, तर दर वीतभर अंतरावर वाटीसारखा खोलगट भाग हाताला लागत होता. टायर सारखा झिजत नसून ठराविक अंतराने झिजतो, याचा अर्थ तो रस्त्याला चिकटून न राहता टप्पे घेत पळतो आहे. आणि त्याला रस्त्यावर दाबून धरण्याचे काम शॉकअपचे. हाच विचार ब्रेकलाही लागू होतो. जे चाक क्षणभर हवेत आहे ते ब्रेक दाबल्याने गाडी थांबवू शकत नाही, आणि त्यामुळे झिजलेला शॉकअप हा आरामाचा प्रश्न समजून पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलणे चुकीचे आहे.

आता तपासणीविषयी. गाडीचा एकेक कोपरा बॉनेटच्या किंवा डिकीच्या कडेला जोर लावून दोन-तीनदा खाली दाबावा आणि सोडून द्यावा. कोपरा वर येऊन थोडा खाली जाऊन थांबला तर ठीक, पुन्हा पुन्हा हलला तर शॉकअप गेला. मात्र या चाचणीत पूर्ण निकामी झालेला शॉकअपच पकडला जातो, अर्धा झिजलेला शॉकअप बहुधा पास होतो, म्हणून केवळ एवढ्यावर समाधान मानू नये. अधिक भरवशाचा पुरावा शॉकअपच्या अंगावर असतो. बॅटरीच्या उजेडात तो नीट पाहावा: सीलजवळ ओशट पापुद्रा आणि त्यावर धूळ बसलेली असणे बहुधा स्वाभाविक आहे, पण नळकांड्यावरून तेलाचे ओघळ खाली आलेले असतील तर शंकेला जागा राहत नाही. संशय असल्यास फडक्याने पुसून कोरडा करावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. आणखी एक युक्ती मला एका जुन्या मिस्त्रींकडून मिळाली. आंबा घाटासारख्या वळणावळणाच्या किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावरून उतरल्यावर गाडी थांबवून एकाच अॅक्सलच्या (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या) डाव्या-उजव्या शॉकअपला हाताची पाठ जपून लावायची. काम करणारा शॉकअप कोमट किंवा गरम लागतो. जोडीतला एकच थंडगार असेल, तर तो नुसता लटकलेला आहे असे समजावे.

चालवताना दिसणारी लक्षणे याला जोड म्हणून घ्यावीत: ब्रेक मारताच गाडीचे तोंड नको तितके खाली जाणे, वळणावर गाडी एका अंगावर कलणे, आणि रात्री समोरच्या झाडांवर पडलेला दिव्यांचा झोत सपाट रस्त्यावरही वरखाली होणे. नुसत्या ‘खडखड’ किंवा ‘टकटक’ आवाजावरून मात्र शॉकअपला दोषी धरू नये. असा आवाज पुष्कळदा स्टॅबिलायझर लिंकचा (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीच्या जोडाचा), झिजलेल्या बुशचा (जोडात बसवलेल्या रबरी नळीचा) किंवा वरच्या माउंटिंगचा (शॉकअपचे वरचे टोक बसते त्या जागेचा) निघतो, आणि शॉकअप बदलून झाल्यावरही तो तसाच राहतो. सर्वात आधी टायरमधली हवा तपासावी, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

बदलायचे ठरले तर एका अॅक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला अशी जोडी ठेवल्यास जोरात ब्रेक मारताना किंवा वळणावर गाडीच्या दोन बाजू वेगवेगळ्या वागतात. सोबत बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला तर धक्का झेलणारा रबरी ठोकळा) आणि धूळ अडवणारे रबरी कव्हरही घ्यावे. त्यांची किंमत किरकोळ असते आणि फाटके कव्हर नव्या सीलचे आयुष्य कमी करते. सीलबंद शॉकअपला भोक पाडून, तेल भरून आणि वेल्डिंग करून ‘रिपेअर’ देणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कची गोष्ट वेगळी आहे, त्यातले तेल आणि सील बदलणे हे रीतसर काम आहे.

पुढचे शॉकअप घरी बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, ज्यात स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने तिला आवळल्याशिवाय माथ्यावरचा मधला नट सोडवला, तर ती स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकेल इतक्या जोराने सुटते. शिवाय स्ट्रट काढल्यावर चाकांचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट करावेच लागते. मागची बाजू मात्र, जिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसवलेले आहेत अशा गाडीत, हत्यारे असणाऱ्या आणि घाई नसणाऱ्या माणसाला अर्ध्या दिवसात जमते. आपल्या गाडीतही मागची स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली दिसली, तर तेही काम गॅरेजवर सोपवावे.

आदल्या रात्री खालच्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. हँडब्रेकवर विसंबू नये, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो आणि आपण नेमकी तीच उचलणार असतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित ढिले करावेत, मग कंपनीने नेमून दिलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलावी आणि दोन्ही बाजूंना जॅक स्टँड (गाडीचे वजन पेलणारे पक्के आधार) द्यावेत. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. काढलेली चाके गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवली, तर स्टँड घसरलाच तरी थोडी जागा उरते.

यापुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा: एका वेळी एकच बाजू. मागचा अॅक्सल बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) खाली किती लोंबावा, हे अशा गाड्यांत शॉकअपच ठरवतो. दोन्ही एकदम सोडले तर बीम खाली पडतो, ब्रेकच्या नळीवर ताण येतो आणि स्प्रिंग जागेवरून निसटते. म्हणून काम चालू असलेल्या बाजूला बीमखाली दुसरा जॅक लावून तो किंचित वर घ्यावा. योग्य उंची आली की खालचा बोल्ट हाताने फिरण्याइतका मोकळा होतो. वरचा नट काही गाड्यांत डिकीच्या अस्तराआड, तर काहींत चाकाच्या वरच्या पोकळीत सापडतो. तो सोडवताना नळकांड्यातून बाहेर आलेला शॉकअपचा दांडाही गोल फिरू लागतो, म्हणून दांड्याचे टोक लहान पान्याने धरून नट फिरवावा. चकचकीत दांड्याला पक्कड कधीही लावू नये, कारण एक ओरखडासुद्धा सील कापायला पुरेसा असतो. रबरी चकत्या आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

सुटलेला जुना शॉकअप उभा धरून हाताने दाबून पाहण्यासारखा असतो. माझा डाव्या बाजूचा दांडा पहिली दोन बोटे काहीही विरोध न करता खाली गेला, मग एकदम अडला आणि आत ‘चुळुक’ असा आवाज झाला. नव्याला मात्र दोन्ही हातांनी सलग जोर द्यावा लागला. बसवण्यापूर्वी जुन्याची व नव्याची लांबी आणि बुशचे भोक जुळवून घ्यावे. नवा शॉकअप दुकानात आडवा पडून राहिलेला असतो आणि आतली हवा तेलात मिसळलेली असते, म्हणून तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून पूर्ण ताणावा. वायू भरलेल्याला पट्टा बांधलेला असेल तर मात्र वरचे टोक बसेपर्यंत तो कापू नये.

आधी वरचे टोक बसवावे, मग जॅकने बीम हळूहळू वर घेत खालचे भोक जुळवून बोल्ट सरकवावा, पण तो आत्ताच आवळू नये. घरी काम करणारे सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. बुशचे रबर धातूला चिकटवलेले असते. चाक लोंबत असताना बोल्ट पक्का केला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. दोन्ही बाजू झाल्यावर चाके चढवून गाडी खाली घ्यावी, डिकीवर चार-पाच वेळा जोर देऊन हलवावी, आणि मग वजन चाकांवर असताना खालचे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळावेत. आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीचा नव्हे. नायलॉनची कडी असलेले नट पुन्हा वापरू नयेत. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे एकदा पुन्हा तपासावेत.

जुने शॉकअप भंगारात देताना आत तेल आणि कदाचित दाबाखालचा वायू आहे हे सांगून द्यावे. घरी ते कापू किंवा तापवू नयेत. आणि टायरला खोलगट भाग आधीच पडलेले असतील, तर नवे शॉकअप बसवल्यावरही तो घुमणारा आवाज काही काळ येतच राहील. त्यासाठी दुकानदाराशी भांडायला जाऊ नये; तो आवाज आता टायरचा आहे आणि टायर बदलेपर्यंत राहणार आहे.