मोठ्या संख्येचे अवयव हाताने कसे शोधावेत? उदाहरण: १२,३४,५६,७८९

कागद-पेन्सिल घ्या आणि १२,३४,५६,७८९ ही संख्या लिहा. बारा कोटींच्या पुढची संख्या दिसली की हात आपसूक कॅल्क्युलेटरकडे जातो. पण पायऱ्यांचा क्रम नीट लावला, तर हिचे सगळे अवयव कागदावरच सापडतात.

आधी सोप्या कसोट्या उरकून घ्या. शेवटचा अंक ९, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५. तिला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. (त्यामुळे १ ते ९ हे अंक कसेही उलटसुलट मांडा, मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी संख्या, कधीच तयार होणार नाही.) भागून उरतात १,३७,१७,४२१. यांच्या अंकांची बेरीज २६, तेव्हा आणखी ३ निघत नाही.

७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन वेगळे भागाकार करू नका. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून एकच कसोटी पुरते: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने मिळवा, वजा करा. ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला या तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. तिघेही बाद.

खरी कसोटी इथून पुढे. १७, १९, २३ असे एकेका मूळ संख्येने भागत गेलात, तर पाचशेच्या आसपास भागाकार होतील. त्याऐवजी १७ व्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा याची रीत वापरा. ती मला फार सुंदर वाटते. अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) हे शाळेतलेच सूत्र; आपली संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवायची, एवढेच.

१,३७,१७,४२१ चे वर्गमूळ ३७०३ च्या थोडे पुढे आहे, म्हणून ३७०४ पासून सुरुवात करा. ३७०४² = १,३७,१९,६१६. यातून आपली संख्या वजा केली की उरतात २१९५. ४६² = २११६ आणि ४७² = २२०९, म्हणजे हा पूर्ण वर्ग नाही. पुढे चला. ३७०५² = १,३७,२७,०२५, उरतात ९६०४. आणि हा तर ९८ चा वर्ग! म्हणजे अवयव झाले ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन अवयव एकमेकांजवळ असले की ही रीत अशी झटपट चालते. लांब असले तर रखडते, हे मात्र लक्षात ठेवा.

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का, हे ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. दोन्ही मूळच निघतात. म्हणून

१२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

आता विभाजक मोजायला भागाकार नको. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२ विभाजक.

शेवटी अंक उलटे लिहून पाहा: ९८,७६,५४,३२१. ही संख्या बरोबर आपल्या संख्येची आठपट अधिक ९ इतकी येते. दोघींना भागणाऱ्या कोणत्याही संख्येने ९ लाही भाग जायलाच हवा, आणि ९ ने तर दोघींना भाग जातोच. तेव्हा त्यांचा मसावि ९.