गुटगुटीत बाळाच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

लसीकरणाला येणाऱ्या आयांना मी रोज तेच सांगते आणि परत तेच बघते, म्हणून आता लिहूनच टाकते. आपल्या कोल्हापुरात बाळाचे गाल वर आले की घर खूश, आणि शेजारचं पोरगं जरा भरलेलं दिसलं की "आमचं वाळलंय" म्हणून कोंबायला सुरुवात. अंगावर पिणाऱ्या बाळाला मांडीला वळ्या असतात, त्याला घाबरायचं काहीच कारण नाही. पण भूक नसताना भरवून आणलेलं वजन वेगळं, तिथनंच पुढच्या लठ्ठपणाची सवय लागते.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे बाळ नको म्हणतंय तरी भरवणं. कसबा बावड्याकडची एक पोरगी नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लशीला बाळ घेऊन आली, संगं सासूबाई. लांबीच्या मानानं वजन वाढीच्या आलेखातल्या सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर, आणि तक्रार काय तर "सिस्टर, ह्यो काय खाईतच न्हाई ओ." म्हटलं, माझ्यासमोर भरवा बघू. डब्यात मऊ वरणभात होता. थोडे घास बाळानं आवडीनं खाल्ले, मग तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा हातानं ढकलला. त्या वयाचं लेकरू ह्याच्यापेक्षा स्पष्ट काय सांगणार? पण सासूबाईंनी मोबाईल काढून कार्टून लावलं आणि तोंड आपोआप उघडलं, नजर स्क्रीनवर, घास आत, डबा रिकामा. वरनं म्हशीच्या दुधात बिस्किटं कुस्करून बाटली, आणि रात्री झोपेत आणखी एक.

तिथंच सांगितलं, बाटली बंद, मोबाईल बंद, अंगावरचं दूध चालू ठेवा. वाटी छोटी घ्या, बाळासमोर बसा, त्याच्याशी बोलत भरवा, तोंड फिरवलं की वाटी उचला आणि दोन-तीन तासांनी परत द्या. काय द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते बाळानं. सुरुवातीला "उपाशी राहतंय" म्हणून सासूबाईंचे फोन यायचे, पण सून खमकी निघाली. बाळ स्वतःच्या हातानं घास उचलायला लागलं, लांबी वाढत गेली आणि वजन हळूहळू रेघेच्या आत आलं. मोबाईल लावून भरवणं पटकन होतं हे मलाही दिसतंय, पण ज्यांना दहा मिनिटांत वाटी रिकामी पाहिजे त्यांना माझ्याकडं शॉर्टकट नाही.

दुसरी गोष्ट गोडाची. "गूळ घरचा आहे, केमिकल नाही," हे आपल्याकडं हमखास ऐकायला मिळतं, आणि गुऱ्हाळं सुरू झाली की बोटानं काकवी चाटवणारे मामा-आजोबा वेगळेच. पहिल्या वर्षात साखर, गूळ, काकवी, मीठ काही घालायचं नाही, आणि गोड तर दोन वर्षांपर्यंत लांबच ठेवा. शरीराला गूळ काय, साखर काय, दोन्ही गोडच, आणि जीभ एकदा गोडाला सोकावली की दुधी-पालक थुंकून टाकते. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंमुळं बाळाला जिवावरची विषबाधा होऊ शकते. उसाचा रस, पाकिटातला ज्यूस नकोच, फळ कुस्करून द्या.

चौथ्या महिन्यात पेज, गुटी, वरचं पाणी: नको. सहा महिने फक्त आईचं दूध.

"दूध पुरत नाही" म्हणून परस्पर पावडरीचा डबा आणू नका. दिवसातनं सहा-सात वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. डॉक्टरांनी पावडर सांगितलीच तर डब्यावरच्या मापानं, चमचा सपाट करून, वाटी-चमच्यानं. जाड व्हावं म्हणून एक चमचा जास्त टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ह्या पावडरींच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्यानं बंदी आहे ती उगीच नाही.

सहा महिन्यांनंतर नुसतं वरणाचं पाणी देऊन उपयोग नाही, चमच्यावर टिकेल इतकं घट्ट पाहिजे: मऊ खिचडी, नाचणी, उकडलेलं अंडं. सुरुवातीला दिवसातनं दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा.

आणि हे वाचून कुणी बाळाला डाएटवर ठेवू नका, दूध तोडू नका. शक्यतो दर वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करा, लांबीही मोजून घ्या आणि दोन्ही माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. लांबीच्या मानानं वजनाची रेघ सारखी वरच सरकत असेल तर ते कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं जा.